कास्तेलव्हेंतोची दगडी खुर्ची

१२ जानेवारी, रविवार

कास्तेलव्हेंतो आज पुन्हा हरलं. तीन-शून्य. तिसरा गोल तर आमच्याच डिफेंडरने आमच्याच जाळ्यात घातला.

ही डायरी ट्रान्सपोर्टवाल्याने नवीन वर्षाची भेट म्हणून दिली. माझी बायको सुझी म्हणाली, "दर रविवारी माझं डोकं खाण्यापेक्षा त्यात लिही." म्हणून लिहितो. ती वाचणार नाही असं म्हणाली आहे. बघू.

कास्तेलव्हेंतो म्हणजे इटलीत टस्कनीच्या डोंगरावरचं सहा हजार वस्तीचं गाव. आठशे वर्षांचा तट, तटाला चार वेशी, खाली संगमरवराच्या खाणी आणि खाणीच्या कडेला फुटबॉलचं मैदान. क्लब चौथ्या डिव्हिजनमध्ये, आणि यंदा तिथून पाचव्यात जायच्या बेतात. मी, पर्सी तुस्कानो, मूळचा वसईच्या नंदाखालचा, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका मार्बल फॅक्टरीचा डिस्पॅच इनचार्ज, या क्लबच्या नादी कसा लागलो ते एकदा लिहूनच टाकतो.

अकरा वर्षांपूर्वी आमचं कटिंग मशीन बसवायला तिथला एक टेक्निशियन आला होता, ब्रुनो नावाचा. माझ्या बॅजवरचं आडनाव वाचून तो थबकला. "तोस्कानो? मग तू तर आमच्यातलाच." आणि चारचौघांत मला मिठी मारली. आमच्या वसईत तुस्कानो पैशाला पासरी आहेत, पण ते मी त्याला सांगितलं नाही. जाताना त्याने गळ्यातला स्कार्फ काढून मला दिला, लालसर तपकिरी आणि पांढरा. तो माझ्या टेबलामागे लटकतो. तेव्हापासून एक मॅच चुकवलेली नाही.

त्यांची एक रीत आहे, ती मला सगळ्यांत आवडते. गावातले पाथरवट पूर्वी पोट भरायला अर्जेंटिनाला, फ्रान्सला गेले. त्यांच्यासाठी मैदानात पहिल्या रांगेत करड्या संगमरवराची एक खुर्ची आहे, तिच्यावर कोणी बसत नाही. मोसमातल्या शेवटच्या घरच्या मॅचआधी दूर असलेल्या एका माणसाचं नाव तिच्यावर खडूने लिहितात आणि तीनदा पुकारतात. त्याच्या माणसाने उठून उत्तर द्यायचं, "ए क्वी," म्हणजे इथे आहे. उत्तर देणारा त्याच्या घरी जेवलेला पाहिजे, एवढाच नियम. उत्तर आलं तर नाव मैदानाच्या भिंतीत कोरतात. नाही आलं तर खडू पुसतात आणि त्या माणसाचं नाव पुन्हा कधी घेत नाहीत.

मी क्लबला तीन पत्रं लिहिली. स्पष्ट काही मागितलं नाही, पण शहाण्याला शब्दाचा मार पुरे, असं वाटलं होतं. एकदा कॅलेंडर आलं.

आता मुद्दा. आज मॅच संपताच मेसेज आला: "अंकल, काय डिफेन्स आहे हो आपला!" आपला! हा नेल्सन लोपीस. मशीन ऑपरेटर, वय एकोणतीस, आमच्या वसईतल्याच रमेदीचा. सहा महिन्यांपूर्वी लागला. एक दिवस स्कार्फ बघून विचारलं, "हे काय आहे अंकल?" आणि मी, अक्कल गहाण टाकून, तासभर सांगत बसलो.

१ फेब्रुवारी, शनिवार

नेल्सन फोनवर इटालियन शिकतोय. आज कॅन्टीनमध्ये मशीनच्या पुस्तकातलं पान त्याने घडाघडा वाचून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोर्कलिफ्टवाला अबुजर म्हणाला, "यल्ला, इटालियन आ गया."

अकरा वर्षं फॅक्टरीत इटालियन मला म्हणायचे. मला बारा शब्द येतात, त्यांतले चार रेफरीला घालायच्या शिव्या. पण नाव माझं होतं.

मला जळफळाट झाला. स्वतःच्या डायरीत खोटं कशाला लिहू?

१६ फेब्रुवारी, रविवार

नेल्सन जेवायला आला होता. मी बोलावलं नव्हतं. गेले दोन आठवडे तो मागे लागला होता, "अंकल, एकदा तुमच्या घरी जेवायला बोलवा ना." कामगारांच्या कॅम्पात सहा जणांच्या खोलीत राहतो, मेसचं खाऊन कंटाळला असेल. पण माणसाने इतकं तोंड वेंगाडून मागावं? शेवटी सुझीनेच परस्पर सांगून टाकलं.

सुझी मरीनातल्या हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर आहे. सुट्टीच्या दिवशी तिला पाय वर करून पडायचं असतं. तरी तिने मटण केलं, सुके बोंबील तळले. नेल्सन दोनदा भात मागून जेवला आणि मग फोन काढून चौकशा सुरू.

"अंकल, गाव नंदाखालच ना? स्पेलिंग काय लिहिता?"

"कशाला?"

"असंच. आणि वडिलांचं नाव? दुबईत कुठल्या साली आलात?"

"दोन हजार सहा. तू काय सीआयडीत लागलास?"

तो हसला आणि त्याने सगळं टिपून घेतलं. मला कळतंय काय चाललंय ते. क्लबला पत्र लिहिताना स्वतःची कहाणी तोकडी पडत असणार, म्हणून माझी उसनी नेतोय. लोपीसचा टस्कनीशी काय संबंध? काही नाही.

तो गेल्यावर सुझी म्हणाली, "पोरगा चांगला आहे रे."

"तेच तर," मी म्हणालो.

माझी मुलगी शेनॉन, बारावीतली, फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "डॅडी, यू आर जेलस ऑफ अ किड." तिला ओरडलो. मग स्वयंपाकघरात जाऊन उरलेले बोंबील उभ्याने खाल्ले.

९ मार्च, रविवार

हरलो, एक-शून्य. खालून तिसरे आहोत.

त्याहून वाईट, क्लबच्या पानावर नेल्सनचा फोटो आला. आमच्या फॅक्टरीत स्लॅबच्या रांगेपुढे उभा आहे. खाली लिहिलंय, 'दुबईतले आमचे मित्र'. सेक्रेटरी बाई त्याला दोन दिवसांत उत्तर पाठवतात म्हणे. मी दोन हजार अठरा साली स्वतःचा फोटो पाठवला होता, स्कार्फ घालून, जूनच्या उकाड्यात. तो कुठल्या ड्रॉवरमध्ये पडलाय देव जाणे.

फोटो मोठा करून बघितला. नेल्सनमागच्या काचेत माझं टेबल आणि माझा स्कार्फ दिसतो. मी त्या वेळी बहुतेक गेट पासवर सही करत होतो.

७ एप्रिल, सोमवार

आज कहर झाला. नवीन मशीन येतंय आणि त्याच्या ट्रेनिंगसाठी कंपनी एक माणूस इटलीला पाठवतेय, दोन आठवडे. मशीनची फॅक्टरी कास्तेलव्हेंतोपासून बसने चाळीस मिनिटांवर. नेल्सन जातोय.

मी प्रॉडक्शन मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. शार्दूल साने, पुण्याचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान.

"सर, मीपण जाऊ शकलो असतो."

"पर्सी, ट्रेनिंग ऑपरेटरचं आहे. तुम्ही डिस्पॅचला आहात. तिथे जाऊन तुम्ही काय करणार?"

याला काय उत्तर देणार? तट बघणार, सर. चारही वेशींतून एकदा आत जाणार आणि एकदा बाहेर येणार. पहिल्या रांगेतल्या त्या खुर्चीसमोर उभा राहणार. असं मॅनेजरला सांगता येत नाही.

"काही नाही सर, पॅकिंगचं बघितलं असतं," म्हणालो.

बाहेर नेल्सन उभा होता. "अंकल, अकरा मेला शेवटची होम मॅच आहे आणि मी तिथे असणार!" त्याचे डोळे भरून आले होते. माझा हात धरला. मी सोडवून घेतला आणि ट्रेलर थांबलाय म्हणून निघालो. ट्रेलर थांबलेला नव्हता.

१७ एप्रिल, पवित्र गुरुवार

जेबेल अलीच्या चर्चमध्ये पापनिवेदनाला रांग होती. पाऊण तास उभा राहिलो आणि नंबर जवळ आल्यावर निघून आलो. फादरांना काय सांगणार? की फादर, इटलीतल्या चौथ्या डिव्हिजनच्या एका फुटबॉल क्लबवरून मी एका पोराचा हेवा करतो? त्यांना हसू आवरलं नसतं.

सुझीने विचारलं, "झालं?"

"झालं."

म्हणजे आता दोन पापं झाली.

२ मे, शुक्रवार

नेल्सन उद्या निघतो. इथला रिवाज असा की कोणी कुठेही निघाला की सगळे पार्सल घेऊन उभे. इंडियाला जाणाऱ्याकडे देतात ते ठीक. पण इटलीला जाणाऱ्याकडेही लोकांनी दिलं! शार्दूलने मशीनवाल्यांसाठी खजूर दिले. सुझीने बाटलीभर मसाला दिला. "ब्रुनो भेटला तर दे, पर्सीच्या घरचा म्हणून सांग."

मग तो माझ्या टेबलाशी आला. "अंकल, तुमचं काय नेऊ?"

"काही नाही."

"स्कार्फ द्या ना. फक्त मॅचपुरता. तिथे तो पाहिजे हो."

"तो भिंतीवरून निघत नाही," मी म्हणालो. साधा खिळ्यावर टांगलाय, त्यालाही दिसत होतं. जाता जाता त्याने दारात वळून विचारलं, "अंकल, अकराची मॅच किती वाजता?"

"पाच वाजता."

"पक्कं?"

"अकरा वर्षं बघतोय."

हे इथे नीट लिहून ठेवतो. मी खोटं बोललेलो नाही. मॅच पाच वाजताच आहे. माझ्या मनगटावरच्या घड्याळात. त्या वेळी तिथे तीन वाजलेले असतात, ते त्याने विचारलं नाही. इथे प्रत्येक माणूस दोन घड्याळांत जगतो, घरी फोन करायचा तर दीड तास मिळवूनच. त्याला एवढं कळायला नको? आणि तिथे पोस्टर असतील, हॉटेलवाले असतील, कोणीही सांगेल. फार तर पहिला हाफ चुकेल. तो कोण लागून गेलाय?

८ मे, गुरुवार

फोटो येतायत. रोज दहा-दहा. तट माझ्या कल्पनेपेक्षा बुटका आहे, पण रुंद, वर बैलगाडी जाईल एवढा. पश्चिमेच्या वेशीच्या दगडांवर पाथरवटांच्या छिन्न्यांच्या खुणा आहेत. नेल्सनने त्यांच्यावर बोट ठेवून फोटो काढलाय. ते बोट माझं असायला हवं होतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाने असं लिहू नये, पण लिहिलं.

ब्रुनो भेटला. रिटायर झालाय, काठी घेऊन चालतो. नेल्सनचा व्हॉइस मेसेज आला: "अंकल, त्याने पहिला प्रश्न तुमचाच विचारला. तोस्कानो कसा आहे? मसाल्याची बाटली उघडून तिथेच वास घेतला. म्हणतो, चार महिने होतो दुबईत, पण तुस्कानोने मला एकदाही घरी जेवायला नेलं नाही."

तेव्हा सुझी आली नव्हती. मी अल कूझच्या कॅम्पात आठ जणांच्या खोलीत एका बंकवर राहत होतो. इटलीच्या माणसाला कुठे बसवणार होतो, वरच्या बंकवर? तो दर शुक्रवारी विचारायचा आणि मी दर शुक्रवारी कामाचं निमित्त सांगायचो. हे मी सुझीलाही कधी सांगितलेलं नाही.

ऐकून नेल्सनला टाइप केलं: 'मॅच तिथल्या तीनला आहे.' बोट बटणावर होतं. तेवढ्यात त्याचा नवा फोटो आला, ब्रुनोच्या गळ्यात हात टाकून. खोडून टाकलं.

११ मे, रविवार

जे झालं तसं लिहितो.

जिंकलो तर चौथ्या डिव्हिजनमध्ये राहणार, नाही तर खाली. साडेचारपासून लॅपटॉप लावून बसलो होतो. शेनॉन शेजारी अभ्यास करत होती, सुझी इस्त्री करत होती. पावणेपाचला कॅमेरा खुर्चीकडे वळला. तिच्या पाठीवर खडूने काहीतरी लिहिलं होतं, पण चित्र धूसर, मला वाचता येईना. सेक्रेटरी बाई माइक घेऊन उभ्या राहिल्या. पांढरे केस, बारीक आवाज.

"पर्सी तोस्कानो. नंदाखाल, वसई. दुबई."

मला वाटलं, मला भास झाला. शेनॉनने पेन खाली ठेवलं. "डॅडी, दॅट्स यू."

मैदानात हजारभर माणसं असतील, सगळी इकडेतिकडे बघत होती. दुसऱ्या रांगेत ब्रुनो काठीवर हात ठेवून बसला होता आणि मान वळवून सारखा फाटकाकडे बघत होता. त्याला उत्तर देता येत नव्हतं. तो माझ्या घरी जेवलेला नाही.

दुसऱ्यांदा नाव घेतलं. सुझी इस्त्री उभी करून माझ्यामागे आली.

तेव्हा मला सगळं एकदम कळलं. गावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, दुबईतलं साल. 'एकदा घरी जेवायला बोलवा ना.'

तिसऱ्यांदा घेण्याआधी बाई थांबल्या, त्यांनीही फाटकाकडे पाहिलं. मग घेतलं. मी उठून उभा राहिलो आणि दुबईतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरून लॅपटॉपला म्हणालो, "ए क्वी." मोठ्याने म्हणालो. शेनॉन रडायला लागली. तिकडे एक माणूस ओलं फडकं घेऊन आला आणि त्याने खुर्ची पुसली.

आम्ही जिंकलो, दोन-एक. क्लब वाचला. मी गोल पाहिले नाहीत.

साडेसहा वाजून गेल्यावर नेल्सनचा मेसेज आला. शब्द न् शब्द उतरवून ठेवतो, म्हणजे मला पुढे कधी फिरवाफिरव करता येणार नाही:

"अंकल, आय अ‍ॅम सो सॉरी. तुमचं सरप्राइज होतं, सगळं वाया घालवलं मी. बाई म्हणाल्या होत्या मॅचच्या आधी अर्धा तास ये, मी बरोबर साडेचारला पोचलो तर मॅच संपत आलेली. बसमध्ये रेंजपण नव्हती. सकाळी हॉटेलवाला सांगत होता की मॅच तीनला आहे. मी त्याच्याशी भांडलो. म्हटलं, आमचे पर्सी अंकल अकरा वर्षांत एक मॅच चुकले नाहीत. ते पाच म्हणाले म्हणजे पाचच."

१२ मे, सोमवार

सुझीला सांगितलं. घड्याळाचं, स्कार्फचं, पापनिवेदनाचं, आणि ब्रुनोला घरी का नेलं नाही तेही.

ती म्हणाली, "बंकवर बसवून दिलं असतंस तरी तो जेवला असता."

कामावर गेलो. स्कार्फ काढून खणात ठेवला.

१९ मे, सोमवार

नेल्सन आला. सगळ्यांची पार्सलं वाटली. माझ्यासाठी ब्रुनोने ऑलिव्ह तेलाची बाटली दिली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून. आणि नेल्सनने एक कागदाची पुडी पुढे केली. आत खडूचा तुकडा होता. "ज्याने नाव लिहिलं तो. मागून घेतला."

लोडिंग बेवर दोघंच होतो. मी सांगून टाकलं. "नेल्सन, तू चुकला नाहीस. पाच म्हणजे दुबईचे पाच. मला माहीत होतं तू तिथले समजशील. मी मुद्दाम सांगितलं नाही."

"का अंकल?"

"तू गेलास म्हणून. मी नाही गेलो म्हणून."

तो चिडेल, शिव्या देईल म्हणून मी तयार होतो. तो म्हणाला, "मी त्या हॉटेलवाल्याला किती बोललो हो," आणि मशीनकडे निघून गेला.

खडू खिशात आहे. शर्टाला पांढरं लागलं.

२५ मे, रविवार

आठवडाभर तो माझ्याशी कामापुरतं बोलला. 'गेट पास', 'स्लॅब बारा', 'खलास'. अंकल म्हणणं बंद.

माझं नाव आता त्या खुर्चीवर कधी लागणार नाही. नियम तो नियम. पण रमेदीच्या माणसाचं लागू शकतं. काल क्लबला ईमेल लिहिला. शेनॉनने फोनवर त्याचं इटालियन करून दिलं, एकही टोमणा न मारता. 'पुढच्या वर्षीसाठी: नेल्सन लोपीस, रमेदी, वसई. उत्तर द्यायला मी स्वतः येईन.' रजा आणि तिकीट कसं जमवायचं ते बघू, सुझी म्हणते बघू. पाठवायच्या आधी लक्षात आलं की मी त्याच्याकडे जेवलेलो नाही. ईमेल तसाच ठेवला.

म्हणून आज चर्चमधून थेट त्याच्या कॅम्पवर गेलो. बोलावलेलं नव्हतं. तिसरा मजला, खोलीत तीन डबल बंक, मधे जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं. नेल्सन नुसत्या बनियनवर, मांडी घालून बसून पातेल्यातून डाळ वाढत होता. मला पाहून पळी हातातच राहिली.

"काय काम होतं?"

"जेवायला आलोय," मी म्हणालो.

बाकीचे पाच जण त्याच्याकडे बघत होते, मग माझ्याकडे. मी दारातच उभा, चर्चचे बूट, इस्त्रीचा शर्ट. गळ्यात स्कार्फ, मे महिन्यात. त्याची नजर स्कार्फवर गेली आणि तिथेच थांबली. त्या पोराला इशारा पुरतो, माझ्यासारखं नाही.

"किती वाजता आलात?" त्याने विचारलं.

"एक वाजता. इथल्या घड्याळात."

त्याने खालच्या बंकवरची चादर झटकली आणि एक ताट पुसून पुढे सरकवलं.

"बसा अंकल. डाळीत मीठ कमी आहे."

होतं कमी. मी दोनदा मागून घेतली.

संध्याकाळी ईमेल पाठवला.